ज्याचं कुलूप त्याचाच हात

पोलीस ठाणे मोहटोला, ता. तुमसर, जि. भंडारा
दिनांक २५/०७/२०२५

जबाब

मी, कौशल्याबाई ताराचंद निनावे, वय ४९ वर्षे, शिक्षण नववी, धंदा नोकरी (मॅंगनीज खाणीत पंपचालक), राहणार कोष्टीपुरा, मोहटोला. आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, महिला पोलीस शिपाई रिता मेश्राम यांच्यासमोर, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. पतीस दम्याचा विकार असल्याने ते घरीच असतात. सदर खाणीच्या सांडपाणी पंपघरात मी नऊ वर्षांपासून कार्यरत आहे.

इथपर्यंत लिहिलेलं रिताबाईनं मले वाचून दाखवलं. त्यात 'सदर' आणि 'कार्यरत' असे शब्द निघाले. मी जन्मात कधी असं बोलली नाही. मी बोलते तसंच उतरवत असाल तर पुढं सांगते, नाही तर मी चालली घरी, असं मी म्हटलं. निरीक्षक साहेब म्हणाले, "लिहा त्या म्हणतात तसं, नाही तर संध्याकाळ होईल इथंच." म्हणून इथून पुढचं माझ्या बोलीत आहे.

कंपनीची तक्रार मले वाचून दाखवली. तिच्यात असं आहे की मंगळवारी दुपारपाळीत मी जाणूनबुजून पंप बंद ठेवला, त्यामुळं खाणीच्या तळाले पाणी भरलं, कंपनीचं पोकलेन मशीन बुडालं, आणि हे सगळं मी माझा दीर चंद्रभान निनावे याच्याशी संगनमत करून केलं. पंप बंद ठेवला हे खरं आहे. जाणूनबुजून ठेवला हेही खरं आहे. मशीन बुडालं, ते सगळ्या गावानं पाहिलं. संगनमताचं मात्र साफ खोटं आहे, आणि सगळ्यात जास्त राग मले त्याच शब्दाचा आला आहे. चंद्रभानसंगं मी संगनमत करीन? अकरा वर्षं झाली, आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नाही. तो समोरून आला तर मी गल्ली बदलते, मी दिसली तर तो. कोष्टीपुऱ्यातलं लहान लेकरूही सांगेल.

भांडण कायचं असं विचारल्यावरून सांगते. आमचं घर विणकराचं. वाटण्या झाल्या तेव्हा सासऱ्याचा माग माझ्या मालकाच्या वाट्याले आला. पुढं मालकाले दम्यानं धरलं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं. आम्ही तिकडं असताना इकडं चंद्रभाननं माग खोलला आणि त्याची लाकडं आपल्या स्वयंपाकघराच्या छपराले लावली. म्हणे, दादा आता थोडीच विणणार आहे. आम्ही दवाखान्यातून आलो तर मागाचा खड्डा बुजवून वर सारवून ठेवलेलं. माझे मालक काही बोलले नाहीत, आजही बोलत नाहीत. जे बोलायचं होतं ते मी अंगणात उभी राहून बोलली. तेव्हापासून बोलणं बंद. घरच्या भांडणाचा इथं काय संबंध, असं निरीक्षक साहेबाले वाटून राहिलं आहे, पण संबंध आहे, थोडं थांबा.

पंपघराचं काम कसं चालते ते विचारल्यावरून सांगते. खाणीत पाणी दोन वाटांनी येते. एक आभाळातून पडते ते. दुसरं दगडाच्या भेगांतून पाझरते ते, आणि ते उन्हाळ्यातही थांबत नाही. दोन्ही पाणी उतारानं तळाशी जमते आणि एका मोरीतून सिमेंटच्या खोल कुंडीत उतरते. मोरी एवढी आहे की माणूस ओणवा होऊन आरपार जाईल. मोरीच्या तोंडाले साखळीवरची लोखंडी फळी आहे, ती खाली सोडली की कुंडीत पाणी येणं बंद होते. कुंडीच्या डोक्यावर माझं पंपघर. जमिनीत एक झाकण आहे, ते उचललं की खाली शिडी लागते. पंपाचा पाईप कुंडीच्या बुडापर्यंत गेलेला आहे आणि त्याच्या तोंडाले जाळी असते, म्हणजे गोटे, प्लास्टिकच्या पन्न्या, पालापाचोळा पंपात चढत नाही. पंप ते पाणी ओढून वर टेकडीवरच्या टाक्यांत फेकतो. खाणीचं पाणी काळं असते, हात घातला तर हात दिसत नाही. पहिल्या टाकीत जाड गाळ बसतो, दुसरीत बारीक बसतो, तिसरीतून निवळ पाणी नाल्यात पडते आणि नाला आमच्या गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, येतो. बोडीखालच्या बांध्यांत जे धान होतात, ते माझ्या हातचं पाणी पिऊन होतात. हे मी मोठेपणासाठीच सांगून राहिली. कोणी नाही म्हणत असेल तर माझा पंप दोन दिवस बंद ठेवून पाहावा. मंगळवारी पाहिलंच सगळ्यांनी.

आता कुलपाचं. पंप चालू-बंद करायची पेटी भिंतीले आहे. तिच्या दांड्याले एक भोक आहे. कोणाले कुंडीत उतरायचं असेल तर त्यानं आधी दांडा खाली पाडायचा आणि त्या भोकात स्वतःचं कुलूप मारायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्यावर रंगानं नाव. चावी ज्याची त्याच्याजवळ, आमच्याकडचे गडी करदोड्याले बांधतात. वर आला की त्यानंच कुलूप काढायचं. दुसऱ्या कोणी काढायचं नाही. हा नियम काही माझ्या माहेराहून आला नाही. कंपनीनंच पंपघराच्या भिंतीवर पिवळ्या रंगानं लिहिला आहे आणि खाली मॅनेजर संजीव साहेबाचं नाव आहे. मले तो पहिल्याच दिवशी पटला. आमच्यात दुसऱ्याच्या चालू मागावर कोणी बसत नाही, तुटलेलं सूत ज्याचं त्यानंच जोडायचं, असं सासऱ्यानं मले लग्नाच्या पहिल्या साली शिकवलं होतं.

मंगळवारी झड लागून होती. याच पंपावर चंद्रभान सकाळपाळीले असतो, मी दुपारपाळीले. पाळी बदलते त्या वेळेले तो मागच्या दारानं निघून जातो, मी पुढच्या दारानं येते. साहेबानं आमच्या पाळ्या अशाच लावल्या आहेत, कारण एका पाळीत आम्ही कामाचे नाही हे त्यालेही माहीत आहे. त्या दिवशी मी आली तर पंपाचा आवाज नव्हता. दांडा खाली, त्याले चंद्रभानचं कुलूप. झाकण उघडं. झाकणाजवळ त्याच्या चपला, खिळ्याले त्याचा शर्ट. पाईपाची जाळी वर ओढून काढलेली, अर्धी साफ केलेली, तिच्यात एक पन्नी अडकूनच होती. म्हणजे गडी खाली आहे, पाईपाचं तोंड पाहून राहिला असेल, असं मी समजली. आंधळ्यालेही तेच समजलं असतं.

हाक मारायचा प्रश्नच नव्हता. पण मी आली हे त्याले कळावं म्हणून मी बादली जोरात आपटली, आणि दाराबाहेर टिनाच्या छपराखाली जाऊन बसली. त्यानं वर यावं, शर्ट घालावा, कुलूप काढावं आणि मागच्या दारानं जावं, अशी मी वाट पाहून राहिली होती. काही वेळानं कुंडीतून पाण्याचा आवाज यायले लागला. झाकणापाशी जाऊन बॅटरी मारली. मोरीतून पाणी धो धो येऊन राहिलं होतं आणि शिडीच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. मले वाटलं, वरून लोंढा आला आणि त्यानं उतरताना सोडलेली फळी उचलली गेली, आणि हा खालीच आहे.

तेव्हा मी त्याले हाक मारली. "चंद्रभान" म्हणून मारली, मग "भाऊजी" म्हणून मारली. काही आवाज नाही. मी सायरन दाबला आणि अश्विन साहेबाले फोन केला.

अश्विन साहेब म्हणजे आमचा छोटा इंजिनिअर, नागपूरचा पोरगा, दोन वर्षांपासून आहे. तो पळत आला, कमरेले दोर बांधून शिडीनं पाण्यापर्यंत उतरला, पाय खाली घालून चाचपत राहिला. काही लागलं नाही. काळ्या पाण्यात बॅटरी काय कामाची. दोन गडी त्यानं तळाकडं पाठवले, फळी खाली सोडा म्हणून. ते छातीइतक्या पाण्यात गेले, साखळी अडकली होती, ती मोकळी करून त्यांनी फळी टाकली. त्या दोघांची नावं तक्रारीत कुठं नाहीत. फळी पडली म्हणून कुंडीतलं पाणी चढायचं थांबलं. पण आता तळाचं पाणी जाणार कुठं? ते तिथंच भरायले लागलं. पोकलेनचा ड्रायव्हर मशीन काढून राहिला होता, पण चढावर चिखलात चाकपट्टे घसरले आणि मशीन पाण्यातच फसलं. ड्रायव्हर उतरून वर आला. त्या दिवशी खाणीत माणूस एकही बुडाला नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा असं मी रिताबाईले म्हटलं. अक्षर मोठं करता येत नाही असं तिनं सांगितलं.

मग संजीव साहेब आले. कानाले फोन होता, पलीकडून नागपूरचे मोठे साहेब बोलत होते. संजीव साहेबानं आमचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कौशल्याबाई, पंप सुरू करा."

मी म्हटलं, "कुलूप आहे साहेब."

"दिसते मले. कटर आणा, कापा."

अश्विन साहेब म्हणाला, "सर, जाळी वर आहे. खाली पाईपाचं तोंड उघडं आहे. तो त्या बाजूला असला तर—"

संजीव साहेबानं त्याच्याकडं पाहिलं. मग साहेब मले समजावून सांगायले लागले. आवाज चढवला नाही, ते मी खोटं सांगणार नाही. म्हणाले, "बाई, नीट विचार करा. चंद्रभान आत असन तर एवढ्या पाण्यात तो आतापर्यंत राहिला नसन. आत नसन तर पंप चालवायले अडचणच नाही. दोन्हीकडून पंप सुरू करणंच बरोबर आहे. तिकडं मशीन बुडून राहिलं."

हिशोबानं साहेबाचं बरोबर होतं. पण तिसरीही गोष्ट होती, आणि ती मी सांगितली. मी म्हटलं, "साहेब, मोरीच्या वरच्या अंगाले हवा राहते. तो तिथं मुंडकं वर काढून, पाईप धरून उभा असन तर? त्याले माहीत आहे की वर दांड्याले त्याचं कुलूप आहे. त्या भरवशावर तो पाईप धरून असन. तुम्ही पंप लावान आणि तो ओढला जाईन."

"आणि मेला असन तर?"

"मेला असन तरी कुलूप त्याचंच आहे," मी म्हटलं. "मेलेल्याले मी पंपाच्या तोंडी देणार नाही."

कटर आला. एक गडी तो घेऊन पेटीकडं आला. मी पेटीले पाठ लावून खाली बसली, दांडा आणि कुलूप माझ्या डोक्याच्या मागं. मी त्याले म्हटलं, "कापायचं असन तर आधी माझ्या खांद्यावर पाय दे." त्याचं माझ्याच गावात सासर आहे. त्यानं कटर खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली.

मी साहेबाशी उद्धट बोलली असं तक्रारीत आहे. बोलली. ते म्हणाले, "तुम्ही बाई आहात म्हणून मी हात लावत नाही." मी म्हटलं, "बाई आहे म्हणून इथं नाही बसली, पंपवाली आहे म्हणून बसली. लावा हात." शिवी दिली नाही. मनात दिली, ती लिहायची असेल तर लिहा.

तोवर गावात बातमी गेली होती. माझी जाऊ, चंद्रभानची बायको रुखमिणी, पावसात तशीच पळत आली. पायात चप्पल नव्हती. तिनं शर्ट पाहिला, चपला पाहिल्या आणि झाकणाच्या काठावर बसून आत हाका मारायले लागली. संजीव साहेब तिच्याजवळ गेले. म्हणाले, "बाई, तुमच्या जाऊबाईला सांगा. पंप सुरू झाला की पाणी उतरेल, तुमचा नवरा सापडेल." रुखमिणीनं माझ्याकडं पाहिलं. अकरा वर्षांत आम्हा दोघींचंही बोलणं नव्हतं, विहिरीवर उभं राहिलो तरी बादल्या बोलतील पण आम्ही नाही. तिनं विचारलं, "बाई, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "चावी त्याच्या कमरेले आहे. तो येऊन काढन."

मग माझ्या बाजूले येऊन तीही पेटीले पाठ लावून बसली. जागा एकीचीच होती, त्यात आम्ही दोघी बसलो. तिच्या लुगड्याचं पाणी माझ्या अंगावर झिरपत होतं. माझी भीती काय होती ते विचारल्यावरून सांगते. त्याची लाकडाची चोरी मी त्या वेळेले पार विसरली होती असं काही नाही. आठवत होती. पण मले सारखं वाटत होतं की हा मेला तर आता मी कोणाशी भांडू.

अश्विन साहेबानं त्या वेळात अक्कल लढवली. कोणाले न विचारता एका गड्याले गाडीवर पाठवून गावातून धानाच्या बांधीतला छोटा डिझेल पंप मागवला. त्याचा पाईप नरम असतो, तोंडाले जाळी असते, जोर कमी असतो. तो वरून सोडला तर खालच्या माणसाले धोका नाही. तो पंप येऊन आम्ही पाईप सोडून राहिलो होतो, तेवढ्यात पुढच्या दारानं चंद्रभान आला.

अंगात बनियान, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात चिवड्याची पुडी. त्याच्या मागं टिप्परचा ड्रायव्हर प्रफुल्ल. प्रफुल्लनं जे सांगितलं ते असं. तो अँब्युलन्सले फोन लावायले वरच्या काटाघरात, जिथं टिप्पर तोलतात तिथं, पळत गेला आणि तिथल्या बाबूले ओरडून म्हणाला की चंद्रभान कुंडीत गेला. कोपऱ्यात पोत्यावर एक माणूस चिवडा खात बसला होता. त्यानं विचारलं, "कोणता चंद्रभान?"

रुखमिणी उठली, तिनं नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग रडायले लागली. चंद्रभाननं करदोड्याची चावी काढली. मी बाजूले झाली. त्यानं कुलूप काढलं. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की जाळी तर वरच आहे, ती खाली बसवल्याशिवाय पंप लावता येत नाही. छोट्या पंपानं कुंडी उपसून काढली. चंद्रभाननं परत दांड्याले आपलं कुलूप मारलं, जाळी घेऊन उतरला, बसवली, आणि या वेळेले शिडीनंच वर आला. माझ्यासमोरून गेला. कुलूप काढलं, शर्ट घेतला. मी पंपात पाणी भरलं, हवा काढली आणि दांडा वर केला. दिवेलागणीले पंप सुरू झाला. मी माझी पाळी संपल्यावरही पंपापाशीच बसून होती, त्याचा ओव्हरटाईम मी मागितला नाही.

चंद्रभान शिडीनं वर न येता मोरीतून बाहेर काहून निघून गेला होता, असं विचारल्यावरून सांगते. हे त्यानं रुखमिणीले सांगितलं आणि रुखमिणीनं मले. तो खाली असताना त्यानं बादली आपटल्याचा आवाज ऐकला. वहिनी आली हे त्याले समजलं. वर यायचं तर माझ्यासमोर, उघड्या अंगानं, शर्ट घ्यायले यावं लागलं असतं. त्यापेक्षा मोरी बरी, असा त्यानं विचार केला. फळी उचलली, ओणवा होऊन बाहेर निघाला, फळी मागं टाकली असं त्याले वाटलं, पण साखळी अडकून ती अर्ध्यावरच राहिली. कुलपाचं काय, तर म्हणे वहिनी चहाले गेली की येऊन काढीन. मी चहाले जातच नाही, डबा नेते, हे अकरा वर्षांत त्याले माहीत असायचं काही कारण नव्हतं. सायरन त्यानं ऐकला होता. दुपारी सुरुंगाचा सायरन रोजच होतो, तोच असेल म्हणून तो चिवडा खात बसला.

ही त्याची चूक आहे, आणि लहान नाही. कुलूप लावून निघून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात मढं टाकून जाणं. त्याची जी काय शिक्षा नियमात असेल ती त्याले द्यावी, मी त्याच्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही. पण मूर्खपणा वेगळा आणि कावा वेगळा. त्याले कंपनीचं मशीन बुडवायचं नव्हतं. त्याले माझं तोंड पाहायचं नव्हतं, एवढंच.

काल संध्याकाळी कंपनीचा एक माणूस आमच्या घरी आला. त्याचं नाव मी सांगणार नाही, तो हुकमाचा ताबेदार आहे. तो म्हणाला की बाई, तुम्ही असं लिहून द्या की चंद्रभाननं तुमच्यावरचा राग काढायले मुद्दाम कुलूप लावून ठेवलं, आणि तुम्ही घाबरल्या म्हणून तुमची चूक झाली. मग तुमच्यावरची तक्रार मागं घेऊ, नोकरी राहील. नाही तर नोकरी गेली समजा, केस चालेल ती वेगळी. माझे मालक खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना मी विचारलं, काय करू? ते म्हणाले, "तुले जे दिसलं ते सांग." एवढं बोलायलेच त्यांना धाप लागली.

मले हे पूर्ण समजते. आमच्या घरात कमावती मी एकटी. एक ओळ लिहून दिली की माझी नोकरी वाचते आणि चंद्रभानचं वाटोळं होते. अकरा वर्षं मी देवाजवळ दुसरं काही मागितलं नव्हतं असंही म्हणा. पण माझं त्याच्याशी भांडण लाकडाचं आहे, ते मी माझ्या अंगणात भांडीन, मरेपर्यंत भांडीन. त्यासाठी मले पोलीस ठाणं लागत नाही आणि कंपनीची भीक तर मुळीच लागत नाही. 'घाबरली' हे खोटं आहे. 'मुद्दाम' हे खोटं आहे. 'चूक झाली' हे मी लिहून देणार नाही. ज्या नियमाखाली साहेबाचं नाव आहे तोच नियम मी पाळला, आणि आता तो पाळला म्हणून मले गुन्हेगार करून राहिले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मशीनच्या नुकसानीबद्दल काय म्हणणं आहे, असं विचारल्यावरून सांगते. वाईट वाटते. चांगलं मशीन होतं. मिस्त्री लागले आहेत, दुरुस्त होऊन राहिलं असं ऐकलं. जे दुरुस्त होते त्याचा एवढा दुखवटा कायले?

तो खाली नाहीच हे तेव्हा माहीत असतं तर काय केलं असतं, असं विचारल्यावरून सांगते. माहीत कसं झालं असतं? वर कुलूप, खिळ्याले शर्ट, झाकणाजवळ चपला. मी जे पाहिलं त्यावर बसली. तो नव्हता म्हणून मी चुकली असं साहेब म्हणतात. मग तो असता आणि कुलूप कापलं असतं, तर आज इथं कोण जबाब देत बसलं असतं ते साहेबानंच सांगावं.

शेवटी निरीक्षक साहेबांनी विचारलं की उद्या पुन्हा तसंच झालं तर तुम्ही काय कराल. संजीव साहेब बाजूच्या खोलीत बसले आहेत, दार उघडं आहे, म्हणून मी जरा मोठ्यानं सांगते. पंपघराच्या भिंतीले संजीव साहेबाचंही एक कुलूप टांगून आहे. कोरं आहे, अजून एकदाही लागलं नाही. पण वरून तपासणी आली की मॅनेजरलेही कुंडीत उतरून सही करावी लागते, आणि ती येणार आहे. ज्या दिवशी ते कुलूप दांड्याले लागेल, त्या दिवशी खाण काठोकाठ भरो, मशीनं सगळी बुडोत, नागपूरहून मोठे साहेब कटर घेऊन स्वतः येवोत, मी पेटीले पाठ लावून बसीन आणि संजीव साहेब आपल्या पायानं वर येईपर्यंत उठणार नाही. साहेबाशी माझं पटत नाही म्हणून त्यात फरक पडणार नाही. मले कामावरून काढायचं असेल तर खुशाल काढा. फक्त माझ्या जागी जो आणाल तो कुलूप कापणारा आहे की बसणारा आहे, हे साहेबानं खाली उतरायच्या आधी त्याले विचारून घ्यावं.

माझं सांगणं संपलं. रिताबाईनं हे सगळं पहिल्यापासून मले वाचून ऐकवलं. दोन ठिकाणी 'गैरसमजातून' असा शब्द घातला होता, तो मी खोडायले लावला आणि खोडल्याजागी माझी सही आहे. बाकी मी बोलली तसंच उतरलं आहे. कोणाच्या दाबाखाली बोलली नाही, आणि यातला एक शब्दही मागं घेत नाही.

सही
कौशल्याबाई ताराचंद निनावे

समक्ष
रिता मेश्राम, महिला पोलीस शिपाई
पोलीस ठाणे मोहटोला